काशीवासाचा खर्च : रामकृष्ण मिशन सेवाश्रमाची सव्वाशे वर्षे

महाराष्ट्रातून काशीला येणारी माणसे पूर्वी दोन प्रकारची असत. पहिली यात्रेकरू. गंगास्नान, विश्वेश्वराचे दर्शन, जमल्यास पंचक्रोशी, आणि मग गंगाजलाचे गडू सांभाळत परतीची वाट. दुसरी काशीवासाला येणारी. त्यांना परत जायचेच नसे. संसार मुलाबाळांच्या स्वाधीन करून, देह इथेच ठेवायचा या निश्चयाने ती येत. त्यांत विधवा बायका पुष्कळ. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या बाजूच्या जुन्या वाड्यांमध्ये एका खोलीत चूल मांडून त्यांनी वर्षानुवर्षे काढली. घरून येणाऱ्या मनिऑर्डरीवर त्यांचे भागे.

काशीवासाच्या पुण्याचा हिशेब आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतो. खर्चाचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. निश्चय करून आले म्हणून मरण लगेच येत नाही. ते कधी सहा महिन्यांनी येते, कधी वीस वर्षांनी. मधल्या काळात दमा, आव, संधिवात, मोतीबिंदू, खुब्याचे मोडलेले हाड, जे यायचे ते येतेच. मनिऑर्डर पाठवणारा मुलगा आधी गेला, किंवा वाढत्या संसारात त्याला ती रक्कम काढणे जमेनासे झाले, की काशीवासी बाईच्या हातात गंगेच्या पाण्याखेरीज काही उरत नसे. लक्सा रस्त्यावरच्या रामकृष्ण मिशन सेवाश्रमाचा इतिहास इथून सुरू होतो. म्हाताऱ्या, आजारी, एकट्या माणसाच्या औषधपाण्याचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न या संस्थेने सव्वाशे वर्षांपूर्वी काशीच्या रस्त्यावर उचलला आणि देशापुढे ठेवला. तिच्या खाटांची, वॉर्डांची, इमारतींची माहिती इतरत्र मिळते. तिने मांडलेल्या या मागणीबद्दल मात्र फारसे लिहिले जात नाही, म्हणून या स्मरणिकेत त्यावरच भर दिला आहे.

काशीत दानधर्म नव्हता असे नाही. उलट इतका दानधर्म क्वचितच कुठे झाला असेल. विश्वेश्वराचे आजचे देवालय अहिल्याबाई होळकरांनी बांधले, घाट बांधले. मराठी सरदारांनी वाडे उभारले, अन्नछत्रे चालवली. पण छत्रात पान वाढले जाई ते पंगतीला येऊन बसणाऱ्याला. जो उठूनच बसू शकत नाही, त्याच्यापर्यंत छत्राची पळी पोचत नसे. औषध, सेवा, मलमूत्र उचलणे, अंथरूण बदलणे या गोष्टी जुन्या दानाच्या यादीत नव्हत्या. गाय, सोने, जमीन, अन्न यांच्या दानाचे संकल्प होते, पण आजारी म्हातारीला रात्री पाणी पाजण्याचा संकल्प कोणी सोडत नसे.

काशीला येणाऱ्यांवरचा आर्थिक बोजा कमी करा, अशी मागणी सत्तेपुढे नेण्याची परंपराही काशीत जुनी आहे आणि तिचा अग्रणी मराठी मुलखातला आहे, हे आपल्या वाचकांना सांगितले पाहिजे. सतराव्या शतकात काशी आणि प्रयागच्या यात्रेकरूंना कर भरावा लागे. कवींद्राचार्य सरस्वती हे मूळचे गोदावरीकाठचे, पुढे काशीत राहिलेले विद्वान संन्यासी. त्यांनी शाहजहान बादशहाकडे शिष्टमंडळ नेले, दरबारात बाजू मांडली आणि तो कर उठवून घेतला. काशीच्या पंडितांनी त्याबद्दल त्यांच्यावर प्रशस्ती रचल्या. ‘कवींद्रचंद्रोदय’ या नावाने तो संग्रह १९३९ साली पुण्यात छापला गेला. आयुष्याच्या अखेरीला जे थोडके गाठीला असे ते घेऊन निघणाऱ्या माणसाला त्या करमाफीचे मोल किती असेल, याची कल्पना करता येते. कवींद्राचार्यांनी कर उठवला. औषधाचा खर्च कोणी उचलायचा, हे त्यानंतर अडीचशे वर्षे कोणी विचारले नाही.

ते विचारले १९०० साली, आणि तेही काही बंगाली तरुणांनी. केदारनाथ मौलिक, चारुचंद्र दास, यामिनीरंजन मजुमदार ही त्यांतली मुख्य नावे. त्यांच्याकडे पैसा नव्हता, वजन नव्हते, वैद्यकाचे शिक्षण नव्हते. रामकृष्ण परमहंसांवर भक्ती होती, आणि ‘उद्बोधन’ या बंगाली नियतकालिकातून येणारे विवेकानंदांचे लिखाण एकत्र बसून वाचण्याची सवय होती. जीवामात्रात जो ईश्वर आहे त्याला सोडून दुसरीकडे कुठे शोधता, अशा आशयाची स्वामीजींची एक कविता त्यांनी वाचली आणि ती त्यांच्या मनात घर करून राहिली.

त्याच सुमारास यामिनीरंजनला रस्त्याच्या कडेला एक म्हातारी पडलेली दिसली. आजारी, उपाशी, कोणी विचारणारे नाही. येणारेजाणारे तिला वळसा घालून जात होते. काशीत हे दृश्य नवे नव्हते, आणि मरायलाच आलेल्या माणसाच्या मरणात आपण का पडा, असा एक सोयीचा विचारही त्या काळी सर्रास होता. यामिनीरंजन थांबला. त्याच्याजवळ द्यायला काही नव्हते, म्हणून त्याने रस्त्यावरच्या एका गृहस्थापुढे हात पसरला आणि चार आणे मिळवले. त्या चार आण्यांतून म्हातारीच्या पोटात काहीतरी गेले. सेवाश्रमाचे पहिले भांडवल ते चार आणे.

ही गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि सांगितली जावीच. पण मला तिच्यापेक्षा दुसऱ्या दिवसाचे महत्त्व अधिक वाटते. रस्त्यावर कळवळून चार आणे देणारी माणसे काशीत रोज असतात. आजार मात्र एका दिवसात संपत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध लागते, औषध लागते, रात्री कोणीतरी जवळ बसावे लागते आणि महिना संपला की खोलीचे भाडे द्यावे लागते. या मुलांनी त्या दुसऱ्या दिवसाची व्यवस्था केली. दारोदार फिरून पैसा आणि तांदूळ जमवला, भाड्याने जागा घेतली, ‘पुअर मेन्स रिलीफ असोसिएशन’ या नावाने मंडळ काढले, आणि पहिल्यापासून जमाखर्च लिहून ठेवला. रुग्ण रस्त्यावरून स्वतः उचलून आणायचे, त्यांचे कपडे धुवायचे, मेले तर खांदा द्यायचा. सोवळ्याओवळ्याच्या काशीत हे करणे सोपे नव्हते. १९०१ साली हरिद्वारजवळ कनखलला विवेकानंदांच्या शिष्यांनी असाच सेवाश्रम काढला, तेव्हा तिथल्या साधूंनी त्यांना ‘भंगी साधू’ म्हणून हिणवले होते. काशीतल्या मुलांच्या वाट्याला कौतुक कितपत आले असेल, ते यावरून समजावे.

फेब्रुवारी १९०२ मध्ये विवेकानंद काशीला आले. वय एकोणचाळीस, पण मधुमेहाने आणि दम्याने शरीर पार खचलेले. अवघ्या पाच महिन्यांनी, ४ जुलैला ते गेले. त्या मुक्कामात त्यांनी या मुलांचे काम पाहिले आणि संस्थेच्या नावातला ‘रिलीफ’ काढायला लावला. दुसऱ्याला दिलासा देणारे आपण कोण, आपण फक्त सेवा करावी, असे त्यांचे म्हणणे. मंडळाचे नाव ‘होम ऑफ सर्व्हिस’ म्हणजे सेवाश्रम झाले. १९०२ च्या अखेरीस संस्था रामकृष्ण मिशनकडे सोपवली गेली.

त्या मुक्कामातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची. संस्थेच्या वर्षभराच्या अहवालासोबत देशभरच्या लोकांना पाठवायचे एक आवाहन विवेकानंदांनी लिहून दिले. त्यांच्या समग्र लेखनात ते पान-दीड पानाचे आहे, पण म्हातारपणीच्या आजाराची जबाबदारी समाजावर टाकणारा इतका नेमका मजकूर त्या काळात मला दुसरा माहीत नाही. संस्थेचा आत्मा त्यात आहे, म्हणून त्यातली मांडणी माझ्या शब्दांत थोडी सविस्तर सांगतो.

पहिला मुद्दा असा, की इतर तीर्थांशी लोकांचे नाते चार दिवसांचे असते. काशीचे तसे नाही. इथे येतात ते बहुतेक थकलेले, म्हातारे स्त्रीपुरुष, आणि येतात ते इथेच शेवट व्हावा म्हणून. त्यांच्या जोडीला घरदार सोडलेले संन्यासी असतात आणि आजार त्यांनाही चुकत नाही. दुसरा मुद्दा टीकाकारांसाठी. त्या वेळी इंग्रजी शिकलेल्या मंडळींमध्ये तीर्थक्षेत्रांवर आणि पंड्यांवर झोड उठवण्याची प्रथा पडली होती. विवेकानंद पंड्यांची बाजू घेत नाहीत. पण ते विचारतात की दारावरून दुःखाचा लोंढा वाहत असताना हाताची घडी घालून पंड्यांना शिव्या दिल्याने त्यातला एक तरी माणूस वाचतो का? समाज जसा असेल तसेच त्याचे पुजारी असणार.

तिसरा मुद्दा सर्वांत अवघड, आणि श्रद्धावंतांना थेट भिडणारा. काशीत मुक्ती मिळते ही वाडवडिलांची श्रद्धा टिकावी असे तुम्हांला वाटते ना? मग दरवर्षी अधिकाधिक माणसे इथे मरायला येतात याचा तुम्हांला आनंदच व्हायला हवा. आणि आनंद होत असेल, तर या माणसांनी इथे येताना आपल्या गावची सगळी मदत आपल्या हाताने तोडून टाकलेली असते, हेही ध्यानात घ्या. आजारी पडल्यावर त्यांचे काय होत असेल, हे ते वाचणाऱ्याच्या कल्पनेवर आणि हिंदू म्हणून त्याच्या सदसद्विवेकावर सोपवतात.

या मांडणीची ताकद कशात आहे ते पाहण्यासारखे आहे. त्यात करुणेची याचना फार थोडी आहे. एखादी श्रद्धा आपण समाज म्हणून बाळगतो, तिच्या भरवशावर म्हातारी माणसे शेकडो कोस येतात, तर त्या श्रद्धेचे बिलही समाजानेच भरले पाहिजे, असा तो रोखठोक हिशेब आहे. आणि सोबत छापील अहवाल. आधी काय केले ते दाखवायचे आणि मग हात पुढे करायचा, ही शिस्त संस्थेच्या हाडीमाशी तिथपासून मुरली.

पुढचा विस्तार थोडक्यात सांगता येईल. लक्सा भागात जागा घेतली गेली. १९०८ साली रामकृष्ण संघाचे अध्यक्ष स्वामी ब्रह्मानंद यांनी पायाभरणी केली. संन्यास घेण्यापूर्वी सरकारी नोकरीत अभियंता असलेल्या स्वामी विज्ञानानंदांनी बांधकामावर देखरेख केली, आणि १९१० मध्ये भाड्याच्या जागेतून संस्था स्वतःच्या वास्तूत आली. शेजारीच स्वामी शिवानंदांनी १९०२ साली सुरू केलेला अद्वैत आश्रम आहे. साधनेचा मठ आणि रुग्णांचे वॉर्ड असे भिंतीला भिंत लागून उभे आहेत. चारुचंद्र पुढे स्वामी शुभानंद झाले, केदारनाथ स्वामी अचलानंद. यांतले काहीजण ज्या कामापायी आले, त्याच कामात त्यांचे आयुष्य संपले.

नोव्हेंबर १९१२ मध्ये रामकृष्णांच्या पत्नी श्रीसारदादेवी काशीला आल्या. त्यांनी सेवाश्रम सगळा फिरून पाहिला, वॉर्ड, बाग, इमारती, व्यवस्था, आणि इथे ठाकूर, म्हणजे रामकृष्ण, स्वतः आहेत असे त्या म्हणाल्या. मुक्कामी परतल्यावर त्यांनी देणगी म्हणून दहा रुपयांची नोट पाठवली. ती नोट सेवाश्रमाने खर्च केली नाही. ती आजही जपून ठेवलेली आहे.

त्या भेटीत आणखी एक प्रसंग घडला. तो रामकृष्ण संघात आवडीने सांगितला जातो. ‘श्रीरामकृष्ण कथामृत’ लिहिणारे महेंद्रनाथ गुप्त, म्हणजे मास्टरमहाशय, तेव्हा काशीत होते. इस्पितळे, दवाखाने ही साधकाची कामे नव्हेत, ठाकुरांचा उपदेश आधी ईश्वर गाठण्याचा होता, असे त्यांचे प्रामाणिक मत. संघातल्या तरुण साधूंना त्यांच्या या मताने बोचत असे, कारण मास्टरमहाशयांचा अधिकार मोठा. सारदादेवींनी सेवाश्रम ठाकुरांचाच आहे असे म्हटल्यावर ब्रह्मानंदांनी ते मुद्दाम मास्टरमहाशयांच्या कानावर घालायची व्यवस्था केली. मग त्यांनीही हसून मान्य केले की आता नाकारायला जागा नाही. प्रसंग गोड आहे, पण त्यामागचा वाद खरा होता. म्हाताऱ्याच्या जखमा धुणे हे धर्मकार्य आहे की धर्मातून पळवाट, हे १९१२ साली भक्तांमध्येही ठरलेले नव्हते. सेवाश्रमाला बाहेरच्या समाजाइतकेच घरच्यांनाही पटवावे लागले.

रामकृष्णांचे शिष्य स्वामी तुरीयानंद यांची अखेरची वर्षे याच आवारात गेली. २१ जुलै १९२२ रोजी त्यांनी इथेच देह ठेवला. पुढच्या दशकांत शस्त्रक्रिया, क्ष-किरण, प्रयोगशाळा, बाह्यरुग्ण विभाग हे सगळे काळाप्रमाणे येत गेले. आज इथे दोनशेहून अधिक खाटांचे रुग्णालय आहे, आणि वृद्ध स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी स्वतंत्र निवास आहेत. जात, धर्म, भाषा विचारायची नाही हा नियम पहिल्या दिवसापासूनचा. काशीत १९५८ पासून मुक्तिभवनही आहे. तिथे मरण समीप आलेल्यांना थोड्या दिवसांसाठी खोली मिळते, भजन-रामायण कानावर पडते. त्याचे काम वेगळे आहे आणि त्याला तोडही नाही. पण मरणाआधीची जी दहा-पंधरा वर्षे औषधावर काढावी लागतात, त्यांच्यासाठी लक्सालाच यावे लागते.

जगाच्या दुसऱ्या टोकाला जवळपास अशीच एक सुरुवात झाली, ती इथे नोंदवणे अप्रस्तुत होणार नाही. कॅलिफोर्नियातल्या निवृत्त मुख्याध्यापिका एथेल पर्सी अँड्रस यांना एक म्हातारी शिक्षिका कोंबड्यांच्या खुराड्यात राहताना सापडली. तिच्या पेन्शनमध्ये औषध आणि घरभाडे दोन्ही भागत नव्हते. अँड्रस यांनी १९४७ साली निवृत्त शिक्षकांची संघटना काढली आणि म्हाताऱ्यांना आरोग्यविमा द्या म्हणून एकामागून एक कंपन्यांची दारे ठोठावली. नकार पचवत त्यांनी अखेर विमा मिळवला, आणि १९५८ मध्ये सर्व निवृत्तांसाठी संघटना स्थापली. ‘एएआरपी’ या नावाने ती आज अमेरिकेतल्या ज्येष्ठांची सर्वांत मोठी संघटना आहे. तिचे स्वयंसेवक १९६८ पासून म्हाताऱ्यांची करविवरणे फुकट भरून देतात, आणि औषधांच्या किमतींसाठी ती संसदेशी सतत भांडते. १९६५ मध्ये तिथे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, म्हणजे मेडिकेअरचा, कायदा झाला. २०२२ च्या कायद्याने मेडिकेअरमधल्या रुग्णाला इन्सुलिनसाठी महिन्याला ३५ डॉलरपेक्षा अधिक द्यावे लागू नये असे ठरले, आणि २०२५ साली गोळ्या-औषधांवरच्या त्याच्या वार्षिक खर्चाला २,००० डॉलरची मर्यादा आली. काशीतल्या आणि कॅलिफोर्नियातल्या दोन्ही म्हाताऱ्यांना थांबून पाहणारे कोणीतरी भेटले. मात्र कॅलिफोर्नियातल्या संघटनेने पुढे कायद्याचे दार ठोठावले, तर सेवाश्रमाने समाजाचे.

आपल्याकडे कायद्याचे दार उशिरा वाजले. वृद्धांविषयीचे राष्ट्रीय धोरण १९९९ चे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा. २०१०-११ मध्ये वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात आठ प्रादेशिक केंद्रे नेमली गेली. त्यांत एक काशी हिंदू विश्वविद्यालयाचे होते आणि एक मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाशी संलग्न ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे. काशीत वृद्धोपचार ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहिली, ही मोठी गोष्ट. पण पैशाचे काय? केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरिबाला केंद्राचा वाटा महिना २०० रुपये. ही रक्कम २००७ पासून हललेली नाही. ती वाढावी म्हणून पुण्याचे बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषदेने २०१२ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरले. देशभरचे म्हातारे मजूर तिथे उन्हात बसले होते. त्यांनी मागितली होती ती सन्मानाने जगता येईल इतकी पेन्शन. केंद्राचा आकडा तरीही तिथेच आहे.

करसवलतींची गोष्टही समजून घेतली पाहिजे, कारण ज्येष्ठांच्या संघटनांचा बराच जोर तिथे खर्च होतो. २०१८ च्या अर्थसंकल्पाने कलम ८०डी खाली ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याची वजावट ५०,००० रुपयांपर्यंत नेली. ज्याच्याकडे विमाच नाही अशा ज्येष्ठाच्या प्रत्यक्ष औषधोपचाराचा खर्चही त्यात धरता येतो. ही तरतूद अनेकांना माहीत नसते. वाचकांपैकी ज्यांचे आईवडील साठीच्या पुढे आहेत आणि जे जुन्या पद्धतीने कर भरतात, त्यांनी औषधांची बिले जपावीत आणि पैसे रोखीने न देता बँकेतून द्यावेत. नव्या करपद्धतीत मात्र ही वजावट नाही. सेवाश्रमाला दिलेल्या देणगीवर कलम ८०जी खाली सवलत आहे, तीही जुन्या पद्धतीतच.

परंतु लक्साच्या बाह्यरुग्ण विभागात बाकावर बसलेल्या म्हातारीला यांतले काहीही लागू पडत नाही. तिला उत्पन्नच नाही, तर वजावट कशातून करायची? तिने भरलेला कर गोळीच्या किमतीत असतो. म्हणून माझ्या मते सप्टेंबर २०२५ चा निर्णय तिच्यासाठी आयकराच्या सगळ्या सवलतींपेक्षा मोठा आहे. २२ सप्टेंबरपासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, काही जीवरक्षक औषधांवरचा पूर्ण गेला, आणि वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के करही उठला. विम्यावरच्या कराच्या मागणीला नागपूरची पार्श्वभूमी आहे. तिथल्या आयुर्विमा महामंडळाच्या विभागीय कर्मचारी संघटनेने दिलेल्या निवेदनाच्या आधारे नितीन गडकरी यांनी २८ जुलै २०२४ रोजी अर्थमंत्र्यांना पत्र लिहिले, आणि त्यानंतर तो प्रश्न संसदेपर्यंत गाजला. कर्मचाऱ्यांच्या एका निवेदनाने सुरू झालेली गोष्ट चौदा महिन्यांत देशभर लागू झाली. शिष्टमंडळे आणि निवेदने वाया जातात असे म्हणणाऱ्यांनी शाहजहानच्या दरबाराची आणि नागपूरची, दोन्ही उदाहरणे ध्यानात ठेवावीत.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मान वयवंदना कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू लागले. ११ एप्रिल २०२५ रोजी पंतप्रधानांनी काशीत ज्येष्ठांना ही कार्डे दिली. विवेकानंदांनी १९०२ साली समाजापुढे ठेवलेले बिल राज्यसंस्थेने काही अंशी तरी स्वीकारले, असे इतिहासाच्या दृष्टीने म्हणता येईल, आणि त्याचा आनंद मानला पाहिजे.

तरीही सेवाश्रमाचे काम संपलेले नाही. कार्ड चालते ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, डोळ्यांत घालायचे थेंब, गुडघ्याचा मलम हा खर्च कार्डात बसत नाही, आणि म्हातारपणाचा खर्च दिवसागणिक होतो तो यावरच. देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९ टक्क्यांहून अधिक भाग लोक स्वतःच्या खिशातून भरतात असे २०२१-२२ चे सरकारी आकडे सांगतात. त्याच्या आठ वर्षे आधी तो ६४ टक्के होता. घट मोठी आहे, पण ज्याच्या खिशातच काही नाही त्याला ती जाणवत नाही. शिवाय कार्डाची अट सत्तरीची. बासष्टाव्या वर्षी विधवा होऊन काशीला आलेल्या बाईला आठ वर्षे वाट पाहावी लागते. महाराष्ट्रातल्या श्रावणबाळसारख्या निवृत्तिवेतन योजनांना राज्यातल्या रहिवासाची अट असते, त्यामुळे गाव सोडले की तो आधारही सुटतो. गावची मदत तोडून आलेली माणसे, असे त्या आवाहनात म्हटले होते. आज ती तोड सरकारी कागदावर होते, एवढाच फरक.

म्हणून या वर्षी काशीतल्या मराठी मंडळींनी दोन कामे हाती घ्यावीत असे सुचवतो. पहिले, आपापल्या वाड्यात, गल्लीत एकटे राहणारे जे कोणी सत्तरीच्या पुढचे आहेत त्यांची वयवंदना कार्डे काढून द्यावीत. त्यासाठी आधार कार्ड पुरते, पण केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे देण्यासाठी त्यांना हात धरून न्यावे लागते. दुसरे, साठ ते सत्तर वयाच्या निराधारांना कार्ड मिळावे आणि रोजच्या औषधांचा त्यात समावेश व्हावा, यासाठी आपल्या सह्यांचे निवेदन केंद्रीय आरोग्यमंत्र्यांकडे पाठवावे. निवेदनासोबत आपल्या भागातल्या अशा माणसांचा महिन्याच्या औषधखर्चाचा तक्ता जोडावा, आणि त्यात नावे न देता वय, आजार आणि दुकानदाराच्या बिलांची बेरीज एवढेच लिहावे.